पदरातले पाच थेंब

तंबाखूच्या भट्टीचा दुसरा दिवस लई नाजूक. आत पान पिवळं धरत येतं, मग ऊब बेतानं चढवायची. जरा चुकली की पान काळं पडलं, वर्साची मेहनत मातीत. म्हनून त्या दिवशी भट्टीपासनं कुनी हलत न्हाई. मयताला बोलवलं तरी निरोप येतो, उद्या येतो म्हनावं.

त्या सोमवारी खंडोजीरावांची भट्टी दुसऱ्या दिवसात व्हती. त्यांचा ल्योक देवेश चुलीत लाकडं सारत व्हता, खंडोजीराव काचेतनं आतली ऊब बघत व्हते, आन् मी भायेर छपराखाली बसून पुढच्या खेपेची हिरवी पानं काठीला बांधत व्हते. हाताला तंबाखूचा चीक, डोक्यावर ऊन, आन् वारा म्हनशील तर पान हलत न्हवतं.

मी वेणक्का. कागदावर कृष्णवेणी. म्हैसूरकडं, सरगूरपासनं आत, जंगलाच्या कडेला, कालव्याच्या अल्याड आमची मराठ्यांची वस्ती. चाळीसेक उंबरा. घरात मराठी, बांधावर कन्नड, आन् भांडताना दोन्ही. मी वस्तीची आशाबाई. कुनाला पोर झालं, कुनाची सुई ऱ्हायली, कुनाला थेंब पाजायचे, ह्ये बघायचं काम सरकारनं माझ्या गळ्यात घातलंय. त्येच्यावर चूल पेटत न्हाई, म्हनून तंबाखूच्या दिसांत पानं बांधते.

तेवढ्यात खंडोजीरावांची सून प्रार्थना घरातनं धावत आली. कडेवर धाकली पोर. प्रार्थनाला जुळ्या पोरी हायत, थोरली आभा आन् धाकली मृण्मयी. खंडोजीरावांच्या जिभेला मृण्मयी वळत न्हाई, म्हनून वस्तीत ती मिनी.

"सकाळपासून नऊ वेळा झालं," प्रार्थना म्हनली. "पाण्यासारखं. वर उलट्या. देवेश, आपल्याला हिला न्यायला हवं."

ती म्हैसूरची, कुवेंपुनगरातली. बाप शाळेत मास्तर. देवेश तिकडं कारखान्यात असताना लग्न झालं, मग कारखाना बंद पडला आन् तो तिला घेऊन बापाच्या भट्टीवर आला. चार वर्सं झाली, तरी तिचं बोलनं शहरीच ऱ्हायलं.

"दात येत असतील," खंडोजीराव काचेवरनं नजर न काढता म्हनले. "आभालाबी लागलंय न्हवं? एकाच पातेल्यातलं खाल्लंय दोघींनी."

"आभाला तीनदा झालं आणि थांबलं, मामंजी. ती नाचणीची पेज मागतेय. ही डोळे उघडत नाही."

मी काठी टाकली, हात धुतला आन् पोरीला घेतलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी ऱ्हायली. डोळे आत गेलेले. रडली, पन डोळ्याला टिपूस न्हाई.

"शेवटची मुतली कवा?"

"पहाटे."

मी भट्टीकडं बघितलं. खंडोजीराव माझ्याकडंच बघत व्हते. आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट व्हती, आन् ती त्या पोरीच्या आईला म्हाईत न्हवती.

आता ती सांगायलाच पायजे.

खंडोजीराव म्हंजे वस्तीचं मोठं मानूस. त्यांना मागनं सगळे अर्धराव म्हनतात. कारन असं, की नवं काही आलं, खत असो, बी असो, फवारा असो, ते पैल्या साली अर्ध्याच वावरात घालनार. मधी एक खुंटी ठोकनार. खुंटीच्या ह्या अंगाला नवं, त्या अंगाला जुनं. पीक उभं ऱ्हायलं की सगळी वस्ती खुंटी बघायला जाते. खंडोजीरावांच्या खुंटीनं जे सांगितलं तेच मग सगळ्यांच्या वावरात. तीस वर्सं ह्येच चाललंय, आन् खरं सांगते, त्यांची खुंटी कधी खोटी ठरली न्हाई.

हगवन रोखायच्या लशीचे थेंब सरकारनं आनले त्येला पाच-सहा वर्सं झाली. पन आमच्या वस्तीत कुनी पाजून घेत न्हवतं. सुई चालायची, पोलिओ चालायचा, ती जुनी वळखीची. ह्ये नवं. मी सांगून सांगून थकले. दरसाल दोन-चार पोरं सलाईन लावायला म्हैसूरला जायची. पलीकडच्या गावात थेंब पाजायला लागले तशी तिकडची गाडी जवळजवळ थांबली, आमची चालूच. एका साली गिरिजक्काची नात वाटेतच गेली. कापडात गुंडाळून परत आनली, तवा कालव्याच्या पुलावर मी उभी व्हते. त्ये अजून डोळ्यांपुढनं जात न्हाई.

मग खंडोजीरावांच्या घरात जुळ्या झाल्या. दीड महिन्याच्या झाल्या तवा पैली सुई आन् पैले थेंब. प्रार्थनाचे टाके चिघळले व्हते, तिला उठवत न्हवतं. म्हनून एक पोर मी घेतली, एक खंडोजीरावांनी, आन् कालव्यापल्याडच्या अंगनवाडीत गेलो. वाटेत मी म्हनलं, "दादा, तुमी थेंब पाजलेत तर सगळी वस्ती पाजंल."

ते पुलावर थांबले. "एकीला पाज," म्हनले. "थोरलीला. धाकलीला नगं."

"आसं कसं, दादा? ह्या पोरी हायत, वावर न्हवं."

"सगळं बी एका दिसात पेरत न्हाईत, वेणक्का. दुसऱ्याच्या मातीत काय उगवलं त्येवर मी इस्वास ठेवत न्हाई, माझ्या मातीत करून बघतो. थोरलीला सोसलं तर पुढं बघू. आन् सुनंला सांगू नगंस, ती शिकलेली, घर डोक्यावर घेईल. लोकांना दिसू दे दोघींना आनलं म्हनून. तुझं काम होतंय न्हवं?"

माझं काम होत व्हतं, त्येच तर. ते उलटे फिरले असते तर त्यांच्या मागं दहा घरं फिरली असती. मी मनात हिशेब मांडला. एका पोरीचं खोटं, आन् दहा पोरांचं खरं. कुनाला वाटंल बाई शहानी हाय. मलाबी तवा तसंच वाटलं.

अंगनवाडीत नर्स शरण्या सुया मारायची आन् थेंबांची कुपी माझ्या हातात द्यायची. आभाला मी पाच थेंब पाजले. मिनीची पाळी आली तशी पाठ फिरवली, पदर तिच्या तोंडाशी धरला आन् पाच थेंब पदरात सोडले. शरण्या खाली मान घालून सुई भरत व्हती. न बघता तिनं कन्नडात इचारलं, "आयता?" झालं का?

मी म्हनलं, "आयतु." झालं.

एक शब्द. तिनं कार्डावर लिवलं. मागं गिरिजक्का आपल्या नव्या नातीला घेऊन उभी व्हती, तिच्यामागं बाकीच्या. त्या दिशी आमच्या वस्तीतली दहा पोरं थेंब प्याली. खंडोजीरावांना बघून प्याली.

दुसऱ्या खेपेला मी म्हनलं, आता तरी. ते म्हनले, अजून पीक उभं कुटं ऱ्हायलंय? तिसऱ्यालाबी त्येच. तीनदा पदर, तीनदा आयतु. आन् एकदा कार्डावर चढलं की मागं कसं फिरायचं? पाजायचं म्हनलं तरी नर्स म्हननार, हिचं तर झालंय. माझ्याच हातानं मी पोरीची वाट बंद केली व्हती.

तर तो सोमवार.

मी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. तीन वाजता गाडी कालव्यापल्याड आली आन् थांबली. पुलाच्या रस्त्यावर हत्तीचा कळप उतरला व्हता, संगं पिल्लू. जंगलवाल्यांनी दोन्हीकडनं रस्ता अडवला. पिल्लू असलं की कळप बिथरतो, म्हनून कुनाला पुढं सोडायचं न्हाई. वस्तीत यायला-जायला तेवढा एकच पूल. मोबाईलवर डायवर म्हनतो, "अक्का, मला पूल दिसतोय, तुमचं छप्पर दिसतंय, पन मी काय करू?"

आमी घरात बसून ऱ्हायलो. मी मीठ-साखरेचं पानी चमच्यानं घालत व्हते, ती ओकत व्हती. परत घालायचं, परत ओकायची. भिंतीशी आभा बसलेली, वाटीवर चमचा आपटत. तिलाबी तीनदा झालं व्हतं, पन पोर ताजी. माझ्या हातातला चमचा बघून ती आ करायची. मी एक चमचा तिला घालायची, एक मिनीला. एकीच्या पोटात राहायचा, दुसरीच्या न्हाई.

प्रार्थना म्हनली, "वेणक्का, दोघींचं सगळं सारखं केलं मी. एकच दूध, एकच पेज, पाणी उकळून. डोससुद्धा दोघींचे पूर्ण. मग हिलाच का?"

दारात खंडोजीराव उभे व्हते. त्यांनी चौकट धरली व्हती. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी मान खाली घातली.

मी परत चमचा भरला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

पाच वाजता मिनीनं मान टाकली. रडायचीबी बंद झाली. प्रार्थना तिला हलवून हलवून हाका मारायला लागली, आन् तो आवाज ऐकला आन् खंडोजीराव एकदम भायेर गेले. आले ते पानं भरायची वेताची बुट्टी घेऊनच.

"देवेश, भट्टी सोड," म्हनले.

"आप्पा, आत्ता सोडली तर सगळं..."

"सोड म्हनलं न्हवं?"

कालव्याला पानी सोडलेलं, छातीइतकं. पुलापासनं खालच्या अंगाला, हत्तींना वास जानार न्हाई अशा जागी, त्यांनी पोरीला बुट्टीत घातलं, बुट्टी डोक्यावर धरली आन् पान्यात उतरले. सत्तरीचा मानूस. एका अंगाला देवेश, मागं प्रार्थना, साडीसकट. मी अल्याड आभाला घेऊन उभी. डायवरनं पल्याडच्या बांधावर गाडी मागं घेतली. पोर वर गेली, आईबाप गेले, गाडी गेली. खंडोजीराव तसेच पान्यात उभे ऱ्हायले, रिकामी बुट्टी डोक्यावर धरून.

भट्टी त्या संध्याकाळीच गेली. पान काळं पडलं. त्यांनी त्येच्याकडं बघितलंबी न्हाई.

म्हैसूरला पोरीला दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं. तिसऱ्या दिशी देवेशचा फोन आला, वाचली म्हनला. मी देवापुढं बसले आन् रडले. खंडोजीरावांना सांगितलं तर ते कितीतरी येळ नुसते हां हां म्हनत ऱ्हायले.

पन गोष्ट तिथं संपत न्हाई. तिथं डाक्टरनं कार्ड बघितलं. म्हनले, तिन्ही डोस झालेत, मग इतकं सहसा होत न्हाई, क्वचित होतं. प्रार्थनानं त्येच वस्तीच्या ग्रुपवर टाकलं. तिच्या मनात काही वाईट न्हवतं. तिनं लिवलं, "सगळे थेंब दिले होते, तरीही मृण्मयीला ॲडमिट करावं लागलं. सर्वांनी मुलांना जपा."

झालं. गुरुवारी शरण्या बर्फाची पेटी घेऊन अंगनवाडीत बसली. नवी अकरा पोरं यादीत व्हती. एकबी आलं न्हाई. मी घरोघरी गेले. गिरिजक्का नळावर घागर भरत व्हती. तिच्या धाकट्या सुनंला दोन महिन्याचा पोरगा.

"साकु, वेणक्का," ती म्हनली, पुरे झालं. "खंडोजीरावांच्या पोरीला आमच्या डोळ्यांदेखत पाजलंस. तरी तिला सलाईन. मग आमच्या पोराच्या तोंडात कशाला ओततीस?"

"तुझ्या नातीला पाजलं, तिला काय झालं का?"

"तिचं नशीब चांगलं. मी एकदा एक पोर कापडात बघितलंय. आता मी कुनाच्या सांगन्यावर जानार न्हाई."

कुंपनानंच शेत खाल्लं व्हतं. आन् त्याच आठवड्यात वस्तीत आनखी दोन घरांत पोरांचं पोट सुटलं व्हतं.

शरण्या पेटी बंद करता करता म्हनली, "पुढच्या गुरुवारी एकदा येते, अक्का. एवढंच माझ्या हातात हाय."

मी उभ्या उभ्या बोटं मोजली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मिनीला वर्स भरत व्हतं. नऊ दिवस. वर्स भरलं की हे पैले थेंब देत न्हाईत.

तिथनं मी सरळ भट्टीवर गेले. खंडोजीराव काळी पानं काठ्यांवरनं ओरबाडून खड्ड्यात टाकत व्हते.

"दादा, सांगायला पायजे."

"कुनाला?"

"सगळ्यांना. सुनंला आधी."

"पोर वाचली न्हवं? मग आता कशाला उकरून काढतीस?"

"एकदा झालं म्हनून परत होत न्हाई, असं न्हाई. आन् ती अकरा पोरं? तुमची खुंटी बघून लोक उलटं शिकलेत, दादा. त्यांना वाटतंय दोन्ही अंगाला औषध व्हतं."

ते खाली बसले. हाताला काळं लागलेलं, त्यानंच तोंड पुसलं. "ती दोन्ही पोरी घेऊन बापाकडं जाईल," म्हनले. "देवेश मागं जाईल. ह्या घरात मी आन् ही भट्टी. तुला काय जातंय बोलायला?"

"माझं काम जाईल. तोंड जाईल."

"मग गप बस की. दोघंबी गप बसू."

आन् आमी गप बसलो. खरं सांगते, त्या दिशी गप बसलो. मी घरी आले, भाकरी थापली, ती करपली. दिवसभर मी यादी काढायची, अकरा नावं वाचायची आन् ठेवून द्यायची. पुलावर जायचं, परत यायचं. एकच पूल, आन् मला तो बी बंद.

रविवारी प्रार्थना पोरीला घेऊन आली. मिनी निम्मी झाली व्हती, नुसते डोळे. बुधवारी तिसऱ्या घरातलं पोर म्हैसूरला गेलं, थेंब न प्यालेलं.

गुरुवारी सकाळी नळावर सगळ्या बायका व्हत्या. प्रार्थना मिनीला कडेवर घेऊन उभी, बायका तिला इचारत व्हत्या, काय खाती, झोपती का. समोर देवळाच्या कट्ट्यावर खंडोजीराव बसलेले. मी घागर खाली ठेवली.

"मिनीला थेंब दिलेच न्हवते," मी म्हनलं.

नळ चालू व्हता. कुनीतरी तो बंद केला.

"आभाला दिले. मिनीचे मी पदरात सोडले. शरण्याला झालं म्हनून सांगितलं. ज्या पोरीला थेंब दिले ती घरात पेज मागत व्हती, आन् जिला न्हाई दिले ती सलाईनवर गेली. थेंबांचा दोष न्हाई. माझा हाय."

प्रार्थना माझ्याकडं बघत ऱ्हायली. मला वाटलं मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती वेळा?" तिनं इचारलं.

"तीनदा."

"तीन वेळा तू तिला माझ्या मांडीवर परत आणून ठेवलीस," ती म्हनली. "तीन वेळा मी तुला चहा करून दिला."

गिरिजक्का पुढं आली. "आता थेंब वाचवायला खोटं बोलतीस काय गं? तवा खोटं का आत्ता खोटं? आमी वळखायचं कसं?"

ह्ये मात्र खरं व्हतं. माझ्या शब्दाला आता काय किंमत? मी खंडोजीरावांचं नाव घेतलं न्हवतं. घ्यायचं न्हाई, असं ठरवलं व्हतं. मी त्यांच्याकडं बघितलंबी न्हाई.

ते आपनहून उठले. कट्ट्यावरनं उतरायला त्यांना येळ लागला.

"ती आत्ता खरं बोलतीय," म्हनले. "म्या सांगितलं तिला. एकीला घाल, एकीला नगं. दरसाल तुमी माझ्या वावरातली खुंटी बघायला येता. ह्या साली खुंटी माझ्या घरात व्हती." मग सुनंकडं वळले, पन वर बघवेना. "पोरी, ते पेरायचं बी न्हवतं, पोर व्हतं, ह्ये मला पान्यात उतरल्यावर कळलं."

प्रार्थनाच्या डोळ्यांतनं पानी वाहत व्हतं, ती पुसत न्हवती. "मामंजी, मला तुमच्याशी बोलायचं नाही," म्हनली. "आज नाही. कधी, ते मला माहीत नाही." आन् मला इचारलं, "अजून देता येतात?"

"परवापातूर येतात."

ती तशीच निघाली, पायात चप्पल न्हाई. पुलाकडं. देवेश आभाला घेऊन मागं धावला. मी त्यांच्यामागं, दहा हात अंतर ठेवून. पुलावर मागं वळून बघितलं तर गिरिजक्काची सून पोराला घेऊन येत व्हती. तिच्यामागं दुसरी. खंडोजीरावांची खुंटी बघायला निघावं तसं सगळं लटांबर निघालं व्हतं. फक्त खंडोजीराव कट्ट्याशी एकटे उभे व्हते.

अंगनवाडीत मी शरण्याला सगळं सांगितलं. तिचं तोंड पांढरं पडलं. "मला वर लिहावं लागंल, अक्का," ती म्हनली.

"लिही."

गर्दी झाली तशी ती सुया भरायला लागली आन् सवयीनं थेंबांची कुपी माझ्यापुढं धरली. मी हात पुढं केला. प्रार्थनानं मधनंच कुपी घेतली.

"तू नको," म्हनली. "तू लांब उभी राहा."

मी बर्फाची पेटी उचलून भिंतीशी उभी ऱ्हायले. तिनं मिनीला मांडीवर आडवी घेतली, गाल दाबले आन् मोठ्यानं मोजत पाजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आन् गिळलं. शरण्या खाली मान घालून सुई भरत व्हती. न बघता तिनं इचारलं, "आयता?"

माझं तोंड उघडलं व्हतं. शब्द जिभेवर आला व्हता.

"आयतु," प्रार्थना म्हनली.

मग गिरिजक्का नातवाला घेऊन पुढं आली. माझ्यासमोरनंच गेली, आन् पोराचं तोंड प्रार्थनापुढं धरलं.